मँडोलिनच्या पोटातला खुळखुळा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर "गल्फमधले अनुभव लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं, की माझ्याकडे सोन्याच्या बाजाराची गोष्ट नाही, वाळूच्या वादळाची नाही आणि कुठल्या शेखचीही नाही. मी दुबईत अठ्ठावीस वर्षं वाद्यं दुरुस्त केली, त्यातही जास्त करून मँडोलिनं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे जुन्या सिनेमाच्या गाण्यांत वाजतं ते? ते दुबईत कोण वाजवतं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायलाच बसलोय.

मी मूळचा वसईचा. वडील गावच्या चर्चमध्ये फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचे, लग्नसराईत बँडबरोबर जायचे आणि मोडलेली वाद्यं घरीच जुळवायचे. सुताराचा सरस कसा शिजवायचा हे मी पाटी-पेन्सिल हातात येण्याआधी शिकलो. दुबईला आलो तो एका वाद्यांच्या दुकानात सेल्समन म्हणून. सहा महिन्यांत दुकानामागच्या खोलीत दुरुस्तीला बसलो आणि तिथूनच गेल्या वर्षी निवृत्त झालो. राहायला शारजात, अल नहदाला. रस्ता ओलांडला की दुबई, फक्त सकाळी तो ओलांडायला तासभर लागतो. आता मी मुलीच्या व्हिसावर इथं राहतो, आणि ती ते मला विसरू देत नाही.

पोटापाण्याचं काम म्हणजे शाळकरी मुलांची व्हायोलिनं, गिटारी, अधूनमधून अरबांचं ऊद नावाचं तंतुवाद्य. पण माझं नाव झालं ते ब्लूग्रासवाल्यांमुळे. ब्लूग्रास हे अमेरिकेच्या डोंगराळ मुलखातलं खेड्यापाड्यांचं संगीत. बँजो, फिडल, गिटार, माणसाएवढं उंच बास आणि मँडोलिन. ढोल नाही, ताशा नाही. मग ठेका कुणी धरायचा? तर मँडोलिननं. तारा झटक्यात छेडायच्या आणि लगेच आवाज दाबायचा. 'चक्' असा कोरडा ठोका येतो. आपल्याकडे ताशेवाला जे काम करतो ते इथं हातभर लांबीचं, आठ तारांचं एक वाद्य करतं. असे वाजवणारे अमिरातीत पंधरा-वीस असतील. कुणी तेलकंपनीत, कुणी इस्पितळात, एक हॉटेलच्या बँडमधला फिलिपिनो. अबू धाबीला खलिफा सिटीत एकाचा व्हिला होता, तिथं शनिवारी दुपारी जमायचे. मला बोलावायचे ते तारा तुटल्या तर असावा म्हणून, आणि जेवायला.

या मंडळींना हवं असायचं जुनं मँडोलिन. ज्या शहरात पाच वर्षांची गाडी विकताना लाज वाटते, तिथं ही माणसं शंभरीला टेकलेली, ओरखडे पडलेली, घामानं काळवंडलेली वाद्यं उराशी धरून बसायची. आमची मोनिका, म्हणजे माझी बायको, एकदा दुकानात आली होती. तिनं एक हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "चारशे दिरहमला नवं कोरं मिळतं, म्हणजे नऊ-साडेनऊ हजार रुपये. आणि हे लोक या भंगारासाठी गाडीची किंमत मोजतात?"

मोजतात. त्यात थोडं शहाणपण आहे आणि थोडं वेड. जुनं लाकूड वाळून हलकं झालेलं असतं, वर्षानुवर्षं वाजून मोकळं झालेलं असतं. तार छेडली की लगेच ओ देतं. जुने कारागीर सरस वापरायचे, आणि सरसाचा गुण असा की ऊब आणि ओल दिली की तो सुटतो. त्यामुळे जुनं वाद्य उघडून पुन्हा बंद करता येतं. आजच्या कारखान्यातला गोंद जन्मभर सोडत नाही. ते वाद्य मोडलं की मोडलंच. हे झालं शहाणपण. वेडाचं सांगायचं तर एकदा व्हिलात मी सगळ्यांना पाठ करून बसवलं आणि एक जुनं, एक नवं अशी दोन मँडोलिनं आळीपाळीनं वाजवली. जुनं कुठलं ते ओळखा म्हटलं. निम्म्याहून जास्त चुकले. सगळे पोट धरून हसले, मग ज्यानं त्यानं आपापलं जुनं मँडोलिन उचललं आणि गाणं पुढं सुरू झालं. कुणाच्या मनात ते विकायचा विचारही आला नाही.

खोटं जुनंही यायचं. टेक्सासच्या एका गृहस्थानं इंटरनेटवरून 'शंभर वर्षांपूर्वीचं' मँडोलिन घेतलं आणि माझ्यापुढं ठेवून हात चोळत बसला. मी आधी वास घेतला. जुन्या वाद्याच्या पोटातून बंद कपाटासारखा वास येतो, याच्यातून थिनरचा आला. मग स्क्रू पाहिले. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच, आणि हे स्क्रू जागचे कधी हललेलेच नव्हते, म्हणजे मागाहून बदललेलेही नव्हते. मी म्हटलं, "सर, शंभर वर्षांपूर्वी असे फुलीचे स्क्रू कुणी वापरत नव्हतं." तो माझ्याशी तासभर भांडला. जाताना म्हणाला, आवाज मात्र झकास आहे. होताही. तरीही त्यानं ते परत पाठवलं, कारण त्याला आवाज नको होता, शंभर वर्षं हवी होती.

एवढं सगळं मी आज ठसक्यात सांगतोय, पण ते शिकलो कसा हे सांगितल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही. त्यासाठी डेलकडे यायला हवं.

डेल केंटकीचा. जबल अलीच्या बंदरात क्रेन चालू ठेवणारा इंजिनियर, ताडमाड उंच, बोलणं कमी. वीस वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा मँडोलिन घेऊन आला. ते त्याच्या आजोबांचं. आजोबा कोळशाच्या खाणीत कामाला होते आणि रविवारी वाजवायचे. वाद्याच्या पुढच्या बाजूला, म्हणजे आम्ही ज्याला पोट म्हणतो तिथं, भेग पडली होती. दुबईत हा नेहमीचाच रोग: बाहेर वाफारा, आत एसीचा कोरडेपणा, लाकूड बिचारं दोन्हीकडून मार खातं.

भेग मी छान जुळवली. काम करताना आतून खुळखुळ असा आवाज आला, म्हणून वाद्य पालथं करून हलवलं. पोटावर आवाजासाठी ठेवलेल्या फटीतून वाळक्या चिंचेच्या तुकड्यासारखं, गाठीगाठींचं, पिसासारखं हलकं काहीतरी बाहेर पडलं. कसली तरी शेंग असेल असं वाटलं. वडिलांसारखी मलाही काही टाकवत नाही, म्हणून सुट्या खुंट्यांच्या पत्र्याच्या डब्यात टाकून दिलं.

मग मी माझ्या पदरचं काम केलं. आमच्या गावात चर्चच्या सणाआधी सगळी वाद्यं लाखेच्या पॉलिशनं चकाचक करायची रीत होती. ज्याचं वाद्य सणाला मळकट दिसलं, त्यानं देवाचा आणि गावाचा मान ठेवला नाही, असंच समजायचे. वडील आठवडाभर आधी कापडाचा बोळा घेऊन बसायचे. त्यांच्या मागे ते फिडल माझ्याकडे आलं, आणि दुबईच्या घरातही मी दर वर्षी सणाच्या आठवड्यात त्याला तसंच पॉलिश करत आलो. तर डेलचं मँडोलिन पाहून माझा जीव हळहळला. एवढं गुणी वाद्य आणि अशी अवकळा! पोटाच्या खालच्या कडेला तर रंगच उडून तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं होतं. मी दोन दिवस खपलो. जुना थर घासून काढला, उघड्या जागी रंग मिसळून लाख भरली, वर आरशासारखी झळाळी आणली. एक पैसा जास्त लावायचा नाही, असंही ठरवलं.

डेल आला तेव्हा आमचा मॅनेजर नासर शेजारीच उभा होता. हा लेबननचा, कपड्याला सुरकुती नाही आणि स्वभावाला दया नाही. त्याच आठवड्यात एका सेल्समनकडून पियानोवर ओरखडा पडला, तर त्याला "यल्ला, खलास" म्हणत त्यानं घरी पाठवलं होतं. इथं नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर, शाळा, सगळंच. आमच्या शेरॉनला तेव्हा नुकतीच केजीत जागा मिळाली होती.

डेलनं पेटी उघडली. (आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, मी मराठीत लिहितोय.) मग त्या खालच्या कडेवर बोट ठेवून हळूच म्हणाला, "इथं माझ्या आजोबांचा हात होता."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चाळीस वर्षं वाजवताना त्यांचा हात तिथं टेकायचा, म्हणून तिथला रंग गेला होता. ती अवकळा नव्हती. दोन दिवस खपून मी त्या माणसाचे आजोबा घासून टाकले होते, आणि वर फुकट.

"एनी प्रॉब्लेम, सर?" नासरनं विचारलं.

"नो," डेल म्हणाला. मग त्यानं मँडोलिन कानाजवळ नेऊन हलवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "विल्सन, आत एक रॅटल होता. आजोबांनी तो..."

"नो सर," मी म्हटलं. "आत काहीच नव्हतं."

त्यानं तरीही सांगितलं. अमेरिकेत एक विषारी साप असतो, शेपटीचा खुळखुळा वाजवून धमकावणारा. डोंगरातले जुने वाजवणारे त्या सापाच्या शेपटीचं टोक वाद्याच्या पोटात ठेवतात. कुणी म्हणतं उंदीर येत नाहीत, कुणी म्हणतं आवाज सुधारतो. आजोबांनी तो साप खाणीच्या वाटेवर स्वतः मारला होता. मी मान हलवत ऐकत राहिलो, आणि माझ्या मागं दोन हातांवर तो पत्र्याचा डबा होता.

डेलनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नासरकडे. "ओके. पडला असेल कुठंतरी," म्हणाला आणि गेला.

पॉलिशची चूक मी पचवली. अज्ञान होतं, ते दूर केलं. मिळेल ते वाचलं, पुन्हा कधी गिऱ्हाइकाच्या जुन्या वाद्याच्या मूळ थराला बोट लावलं नाही. ब्लूग्रासवाल्यांमध्ये ती गोष्ट पसरलीच. पुढं कित्येक वर्षं माझ्याकडे येणाऱ्या पेट्यांवर चिठ्ठी चिकटवलेली असायची: 'विल्सन, नो शाइन!' मी त्या चिठ्ठ्या भिंतीवर लावून ठेवल्या होत्या. थट्टा सोसणं मला कधीच जड गेलं नाही, कारण दुरुस्तीत माझा हात धरणारा अमिरातीत कुणी नव्हता आणि हे थट्टा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

पचलं नाही ते खोटं बोलणं. डेल रागावून दुसरीकडे गेला असता तर बरं झालं असतं. पण तो येत राहिला. स्वतःची इतर वाद्यं आणायचा, मित्रांना पाठवायचा, ख्रिसमसला मोनिकासाठी केक. दर वेळी मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी तारांच्या भावाबद्दल बोलायचो. नासर तर चार वर्षांतच कॅनडाला निघून गेला. भीतीचं कारण संपलं, पण आता एवढ्या वर्षांनी सांगायचं कसं, ही लाज होती. दुकानात कुणाच्या हाती लागेल म्हणून डबा घरी नेला, तर मोनिकानं उघडून पाहिला आणि किंचाळली. "घरात येशूची तसबीर आहे आणि तू सापाची शेपटी आणून ठेवतोस?" डबा बाल्कनीत गेला, वॉशिंग मशीनच्या मागं. तिथंच राहिला.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये डेल दुकानात आला तो पडेल चेहऱ्यानं. नोकरी संपवून तो कायमचा मायदेशी निघाला होता. जबल अलीच्या ऑफिसात शेवटच्या सह्या करायला दहा मिनिटं म्हणून गेला, तीन तास अडकला, आणि मँडोलिन गाडीत. ऑगस्टमधली बंद गाडी म्हणजे भट्टीच. सरस पाघळला आणि वाद्याची पाठ अर्धी सुटून उचकटली होती.

"सगळ्या जगाला मी सांगतो, गाडीत ठेवू नका," तो म्हणाला. "शनिवारी व्हिलात माझा निरोप आहे. रविवारी विमान. होईल?"

मंगळवार होता. सरसाला धरायला पुरा वेळ हवा, आणि हवेत एवढी ओल असताना घाई केली तर जोड पुन्हा सुटणार. "होईल," मी म्हटलं. हातातल्या कामाबद्दल मी कधी इन्शाल्ला म्हणत नाही.

संध्याकाळी जेवताना घरी सांगितलं. शेरॉनला ही गोष्ट ठाऊकच नव्हती. ती आता बँकेत आहे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिच्याकडे दोन ओळींचं उत्तर असतं. "डॅड, यू लाइड टू हिम फॉर नाइन्टीन इयर्स? जस्ट टेल हिम!"

"तुझी केजीची जागा जाईल म्हणून बोललो गं."

"डोन्ट पुट इट ऑन मी," ती म्हणाली.

मोनिकानं ताटातून मान वर केली नाही. फक्त म्हणाली, "एकदाची ती शेपटी जाऊ दे माझ्या बाल्कनीतून."

दुसऱ्या दिवशी मी कोमट पात्यानं पाठीचा उरलेला जोडही सोडवला आणि मँडोलिन पूर्ण उघडलं. आतलं लाकूड कुणीच कधी रंगवत नाही. तिथं माझा बोळा पोचला नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या पटाशीचे वळसे तसेच होते, आणि तो बंद कपाटाचा वास. जुना सरस कोमट पाण्यानं पुसला, नवा शिजवला. पाठ बसवायच्या आधी डबा उघडून तो खुळखुळा आत ठेवला. काही बोलायचं नाही, त्यानं हलवलं की त्याला कळेलच, असा माझा बेत. तोंड उघडायची हिंमत नसली की माणूस अशा युक्त्या काढतो. मग क्लॅम्प आवळले आणि दोन दिवस त्या खोलीत कुणाला एसीला हात लावू दिला नाही.

शुक्रवारी दुपारी डेल आला. जोड बोटानं चाचपला, खूश झाला. मँडोलिन उचललं आणि आतून खुळखुळ वाजलं.

तो थांबला. पुन्हा हलवलं. पुन्हा वाजलं.

माझा बेत तिथंच कोसळला. "डेल," मी म्हटलं, "त्या दिवशी आत होता. मीच काढला होता. मी खोटं बोललो. इतकी वर्षं माझ्याकडेच होता. मला माफ कर."

त्यानं मँडोलिन मांडीवर घेतलं. "मला माहीत होतं."

"कसं?"

"मी रॅटल म्हटलं आणि तू लगेच नाही म्हणालास. ज्यानं पाहिलेला नसतो तो आधी विचारतो, रॅटल म्हणजे काय? तू विचारलंच नाहीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझा तो मॅनेजर शेजारी उभा होता. मी बंदरात काम करतो, विल्सन. याहून लहान गोष्टीसाठी माणसांना विमानात बसवलेलं मी पाहिलंय. पुढं वाटलं, तू तो टाकला नसशील, देशील कधीतरी. म्हणून येत राहिलो." मग गालातल्या गालात हसला. "तू फार स्लो आहेस, हबीबी."

मी रडलो. एक्कावन्न चिठ्ठ्या लावलेल्या भिंतीसमोर बसून, छोट्या पोरासारखा. तो पाणी आणायला उठला आणि त्याला पाण्याचा मग सापडेना म्हणून माझाच चहाचा कप भरून घेऊन आला.

मग त्यानं वाद्य माझ्यापुढं धरलं. पोटाच्या खालच्या कडेला माझी ती आरशासारखी लाख झिजली होती आणि रुपयाच्या नाण्यांएवढे दोन-तीन उघड्या लाकडाचे ठिपके दिसत होते. मी ते मंगळवारीच पाहिले होते, पण विचारायची हिंमत झाली नव्हती.

"आजोबांची जागा परत आली?" मी विचारलं.

"छे. त्यांची जरा वर होती, ते बुटके होते. ही माझी." त्यानं बाही सरकवून हात तिथं टेकवून दाखवला. "तुझं पॉलिश फार चिवट, विल्सन. एकोणीस वर्षं लागली."

शनिवारी व्हिलात तो तीन तास वाजवत होता. रविवारी गेला. केंटकीहून अधूनमधून फोटो पाठवतो. ठिपके आता एकमेकांना मिळू लागलेत.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी निवृत्त झालो. सणाचा आठवडा आला तशी मोनिकानं सवयीप्रमाणे जुन्या धोतराचं फडकं आणि लाखेची बाटली काढून दिली. मी वडिलांचं फिडल भिंतीवरून उतरवलं आणि खिडकीच्या उजेडात नेलं. त्यांच्या फिडलला हनुवटीचा आधार कधी नव्हता; ते हनुवटी थेट लाकडावर टेकवायचे, डोळे मिटून. मी ती जागा शोधली. तिरपं धरून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. काच असावी तसं गुळगुळीत, नितळ. खूण नव्हतीच. ती मीच दर वर्षी, मोठ्या भक्तिभावानं, पुसत आलो होतो.

बाटली बंद केली. फडकं मोनिकाला परत दिलं.

आता रोज संध्याकाळी फिडल वाजवतो. चर्चमधली ती जुनी गाणी, हात बसत नाही तरी. शेरॉन आतून ओरडते, "डॅड, नॉट अगेन!" मी हनुवटी त्याच जागी टेकवतो. माझे वडील माझ्याहून उंच होते, तेव्हा जागा थोडी हलणारच. बघू, किती वर्षं लागतात.